पॉप्लरचा नगरसेवक : जॉर्ज लॅन्सबरी

पूर्व लंडनमधील पॉप्लर हा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात गोदी कामगारांचा आणि हातावर पोट असणाऱ्यांचा भाग होता. गोदीत काम मिळाले नाही, तर त्या दिवशी चूल पेटत नसे. या वस्तीच्या संसाराचा हिशेब नगरपालिकेच्या सभागृहात मांडणारा माणूस म्हणजे जॉर्ज लॅन्सबरी.

१८५९ मध्ये सफक परगण्यात जन्मलेले लॅन्सबरी लहानपणीच पूर्व लंडनमध्ये आले. ऑस्ट्रेलियात नशीब अजमावण्याचा प्रयत्न फसल्यावर ते परतले आणि सासऱ्यांच्या लाकूड गिरणीत काम करू लागले. १८९३ मध्ये ते पॉप्लरच्या गरीब-साहाय्य मंडळावर निवडून आले. तेथील वर्कहाउसमध्ये निराधारांना मिळणारे अन्न व वागणूक सुधारण्यासाठी त्यांनी झुंज दिली. पुढे ते नगरसेवक, १९१० मध्ये खासदार आणि १९१९ मध्ये पॉप्लरचे पहिले मजूर पक्षीय महापौर झाले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१२ मध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीत पराभव पत्करला.

महापौरपदाच्या काळात पॉप्लरने स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांना आठवड्याला ४ पौंड असे समान किमान वेतन ठरवले. खरा पेच मात्र घरपट्टीचा होता. बेकारांचा भार प्रत्येक विभागाने स्वतःच उचलायचा असल्याने, बेकारी जितकी जास्त तितकी घरपट्टी जड, असा उफराटा न्याय होता. श्रीमंत वेस्ट एंडला मात्र त्याची झळ लागत नसे. १९२१ मध्ये पॉप्लरने लंडन काउंटी कौन्सिल आणि इतर महानगरीय संस्थांचा वाटा वसूल करण्यास नकार दिला. २९ जुलै रोजी नगरसेवक मिरवणुकीने न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये तीस नगरसेवकांना अटक झाली; पुरुष ब्रिक्स्टनच्या, तर पाच स्त्रिया हॉलोवेच्या तुरुंगात गेल्या. नगरपालिकेच्या सभा तुरुंगातच भरू लागल्या.

सहा आठवड्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्यांची सुटका झाली. गरीब-साहाय्याचा बराचसा खर्च सर्व लंडनने वाटून घ्यावा, असा कायदा त्याच वर्षी संमत झाला. पण या विजयाची किंमत लॅन्सबरींच्या घरानेही मोजली. तुरुंगवास भोगलेल्या त्यांच्या सूनबाई मिनी यांचे १ जानेवारी १९२२ रोजी न्यूमोनियाने निधन झाले. वय अवघे ३२. चार पौंडांचे वेतनही १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बेकायदा ठरवले.

पुढे लॅन्सबरी मंत्री झाले, १९३२ ते १९३५ मजूर पक्षाचे नेते राहिले. गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी १९३१ मध्ये ज्या किंग्सली हॉलमध्ये उतरले, ते त्यांच्याच बो मतदारसंघात होते. ७ मे १९४० रोजी त्यांचे निधन झाले.

आज ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांनाही स्थानिक निवडणुकीत मतदान करता येते. कौन्सिल टॅक्सचे बिल हाती पडल्यावर त्यामागील निर्णय कोण घेतो हे पाहणे, ही लॅन्सबरींच्या वारशाचीच उजळणी ठरेल.