ऑब्जेक्टचा बापमाणूस : क्रिस्टन निगार्ड

फर्स्ट इयरला पायथनमध्ये तीस-चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली, ती चालली, की आपण खूश. वरून खाली वाचत गेलं की सगळं कळतं. मग सेकंड इयरला क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स येतात आणि अर्धं हॉस्टेल व्याख्या पाठ करायला बसतं. पण या कल्पना सिलॅबससाठी जन्मल्या नाहीत. त्यामागे एक खरी अडचण होती आणि ती सोडवणाऱ्यांपैकी एक होते नॉर्वेचे क्रिस्टन निगार्ड.

निगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ऑस्लो येथे झाला. १९४८ पासून ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत काम करू लागले. देशाच्या पहिल्या अणुभट्टीसाठी लागणारी आकडेमोड त्यांनी केली, पुढे ऑपरेशन्स रिसर्चकडे वळले. १९५६ मध्ये ऑस्लो विद्यापीठातून गणितात मास्टर्स केलं. कारखाना असो वा वाहतूक, तिथे एकाच वेळी अनेक गोष्टी घडत असतात, रांगा लागतात. हे सगळं ओळीने चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बसवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

१९६० मध्ये ते नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. तिथे ओले-योहान दाल या जुन्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी सिम्युला ही भाषा घडवली. दोघं फळ्यासमोर इतके जोरजोरात भांडायचे, की एकदा नवीन आलेली एक प्रोग्रामर घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे धावली. ऑपरेटरने कान देऊन ऐकलं आणि तिला शांत केलं : काही नाही, सिम्युलाची चर्चा चालू आहे!

सिम्युलाची पहिली आवृत्ती १९६५ च्या सुरुवातीस वापरात आली. पण तिच्यात एक गोची होती. समजा, पुलावर टोलनाका आहे. रांगेत ट्रक आहेत, बसही आहेत. दोघांनाही रांगेत उभं राहावं लागतं, टोल भरावा लागतो. तरी ट्रकसाठी एकदा आणि बससाठी पुन्हा एकदा तेच लिहायचं! एके ठिकाणी बदल केला की दुसरीकडे विसरलाच म्हणून समजा. उपाय सापडला तो असा : सगळ्यांत सारखं जे आहे ते 'वाहन' नावाच्या क्लासमध्ये एकदाच लिहायचं आणि ट्रक व बस त्याच्यावर रचायच्या. हेच आपलं इनहेरिटन्स. १९६७ च्या सिम्युलामध्ये क्लास, न्यू, धिस, व्हर्च्युअल हे शब्द होते. ओळखीचे वाटतात ना? ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजला सिम्युला वापरली होती. त्यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या कामातून सी प्लस प्लस आली. ॲलन के यांच्या स्मॉलटॉकलाही सिम्युलातूनच प्रेरणा मिळाली.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. निगार्ड थांबले नाहीत. सिम्युलेशन करून कारखान्याचं काम बदललं, तर तिथल्या कामगाराचं काय होणार, हा विचार त्यांना सतावू लागला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर प्रकल्प हाती घेतला. नवीन कॉम्प्युटर सिस्टिम येताना कामगारांनाही माहिती आणि मत देण्याचा हक्क हवा, ही मागणी त्यातून पुढे आली आणि मालक-कामगार करारांत उतरली. १९९४ मध्ये नॉर्वेच्या जनतेने युरोपियन युनियनमध्ये जाण्यास नकार दिला, त्या चळवळीचेही ते नेते होते.

दाल व निगार्ड यांना २००१ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. दाल २९ जून २००२ रोजी गेले आणि निगार्ड १० ऑगस्ट २००२ रोजी.

तेव्हा पुढचा क्लास लिहिण्याआधी की-बोर्ड जरा बाजूला ठेवा. रांगेत कोण कोण उभं आहे, त्यांच्यात सारखं काय आणि वेगळं काय, ते कागदावर मांडा. आणि त्या रांगेत जिवंत माणसं असतील, तर त्यांनाही एकदा विचारा.