तिच्या कमाईचा हिशोब

बँकेतली माझी बहुतेक नोकरी इतरांच्या खात्यांतले आकडे तपासण्यात गेली. तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एक बाई बचत खात्याचा तीन वर्षांचा उतारा मागायला आल्या. घटस्फोटाचा दावा चालू होता आणि उतारा कोर्टात द्यायचा होता. बाई पदवीधर आहेत, घरी शिकवण्या घेतात, मग त्यांना पोटगी कशाला, असे नवऱ्याच्या वकिलाचे म्हणणे होते. मी उतारा काढून दिला. दरमहा जमा होणाऱ्या पाच-सातशे रुपयांच्या त्या नोंदी होत्या. खाते उघडतानाच्या अर्जावर मात्र व्यवसायापुढे गृहिणी असे लिहिलेले होते आणि उत्पन्नापुढे नुसती आडवी रेघ होती. दोन मुले वाढवली तेव्हा ती रेघ कुणाला खटकली नव्हती. भांडण कोर्टात गेले आणि बाईंची कमाई सर्वांना एकदम दिसू लागली.

पुढे त्या दाव्याचे काय झाले, ते मला कळले नाही. पण निवृत्तीनंतर कॅरोलाइन नॉर्टन या इंग्रज लेखिकेची हकीकत वाचताना त्या बाई पुन्हा आठवल्या. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या एका न्यायालयात कॅरोलाइनच्या बँकेलाही असेच समन्स गेले होते.

कॅरोलाइनचा जन्म १८०८ सालचा. नाटककार रिचर्ड शेरिडन हे तिचे आजोबा. घराण्याचे नाव मोठे होते, पण वडील लवकर गेल्यामुळे घरात पैसा नव्हता. १८२७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिचे लग्न जॉर्ज नॉर्टन या बॅरिस्टरशी झाले. त्याची वकिली बेताची होती, हात मात्र चालायचा. १८२९ मध्ये कॅरोलाइनचे पहिले काव्यपुस्तक निघाले आणि त्याच वर्षी पहिला मुलगा झाला. बाळंतपणाचा खर्च त्या पुस्तकाच्या पैशांतून भागला. पुढे आणखी दोन मुलगे झाले. मुलांना सांभाळत ती कविता आणि कादंबऱ्या लिहीत होती, नियतकालिकांची संपादने करीत होती. एवढेच नव्हे, तर लॉर्ड मेलबर्न यांच्याकडे शब्द टाकून १८३१ मध्ये तिनेच नवऱ्याला वर्षाला हजार पौंडांची मॅजिस्ट्रेटची नोकरी मिळवून दिली.

त्या काळच्या इंग्रज कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतंत्र अस्तित्वच नव्हते. तिने मिळवलेला पैसा नवऱ्याचा, तिच्या पुस्तकांचे हक्क नवऱ्याचे आणि तिने जन्म दिलेली मुलेही नवऱ्याचीच.

१८३६ मध्ये जॉर्जने तिन्ही मुले काढून नेली आणि तोवर पंतप्रधान झालेल्या मेलबर्न यांच्यावर पत्नीशी अनैतिक संबंध ठेवल्याचा दावा लावला. दहा हजार पौंडांची भरपाई मागितली. या खटल्यात कॅरोलाइन पक्षकार नव्हती आणि तिला साक्षही देता येत नव्हती. ज्यूरीने जागेवरून न उठताच दावा फेटाळला. मेलबर्न सुटले. कॅरोलाइनला मात्र घटस्फोट मिळणे शक्य नव्हते, आणि मुलेही मिळाली नाहीत.

तिच्या हाती लेखणी तेवढी होती. आईच्या हक्काबद्दल तिने पुस्तिका लिहिल्या, खासदारांना गाठले. १८३९ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आणि त्याहून मोठ्या मुलांच्या भेटीसाठी आईला प्रथमच न्यायालयात अर्ज करता येऊ लागला. पण जॉर्जने मुले स्कॉटलंडला ठेवली होती आणि तिथे हा कायदा लागू नव्हता. १८४२ मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम चिघळली. आई पोहोचली तेव्हा तो गेलेला होता. त्यानंतर कुठे उरलेल्या दोघांची भेट बापाने मोकळी केली.

आता पैशांची गोष्ट. १८४८ मध्ये जॉर्जला विश्वस्त निधीवर कर्ज काढायचे होते आणि त्यासाठी पत्नीची संमती हवी होती. बदल्यात वर्षाला पाचशे पौंड देण्याचा लेखी करार त्याने केला. पुढे तिची आई वारली आणि कॅरोलाइनला थोडे वार्षिक उत्पन्न सुरू झाले. मेलबर्न यांच्या इच्छेनुसार त्यांच्या कुटुंबाकडूनही काही रक्कम येत होती. हे कळताच जॉर्जने हात आखडता घेतला. तिची देणी थकली. तिच्या घोडागाडीची दुरुस्ती करणाऱ्याने बिलासाठी जॉर्जवरच दावा लावला, कारण पत्नीच्या कर्जाला कायद्याने नवराच बांधलेला होता.

१८५३ चा तो खटला वाचताना माझ्यातला बँकवाला अस्वस्थ होतो. जॉर्जने तिच्या बँकेला समन्स काढून खात्याची पुस्तके मागवली, प्रकाशकांना बोलावून तिला किती पैसे दिले ते विचारले. मग लेखी कराराचे काय? तर पती-पत्नी कायद्याने एकच, तेव्हा त्यांच्यातला करार बंधनकारक नाही. जॉर्ज सुटला. म्हणजे तिची कमाई कायद्याने त्याची होती. आणि तिला काही द्यायची वेळ आली, तेव्हा तीच कमाई न देण्याचे कारण ठरली. तीन मुलांच्या आजारपणांत आणि बाळंतपणांत रात्री जागून तिने संसाराला काय दिले, ते कुठल्याच वहीत नव्हते.

कॅरोलाइन बंडखोर नव्हती. स्त्री-पुरुष समान आहेत असे आपले म्हणणे नाही, हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. तिला संरक्षण हवे होते. १८५४ मध्ये इंग्रज स्त्रियांसंबंधीच्या कायद्यांवर तिने पुस्तक लिहिले, पुढच्या वर्षी राणी व्हिक्टोरियाला उद्देशून जाहीर पत्र काढले. १८५७ च्या विवाहविषयक कायद्यात तिच्या मागण्यांचे प्रतिबिंब पडले. टाकून दिलेल्या पत्नीची कमाई तिच्याकडेच राहू लागली. विभक्त पत्नीला करार करता येऊ लागला, दावा लावता येऊ लागला. तिला स्वतःला घटस्फोट कधीच मिळाला नाही. १८७५ मध्ये जॉर्ज मेला तेव्हाच ती मोकळी झाली. १८७७ च्या मार्चमध्ये जुने स्नेही सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी तिने लग्न केले आणि जूनमध्ये ती गेली.

तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा लॉर्ड डफरिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. त्याच्याच कारकिर्दीत मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी त्यांच्यावरचा हक्क सोडला. तिथेही हिशोब नवऱ्याच्याच बाजूने मांडला गेला होता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात पोटगीसंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. पत्नी शिकलेली आहे, कमावू शकते, एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. मुलांसाठी, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तिने नोकरी सोडली असेल, तर तेही विचारात घ्यायचे. मोठ्या खंडानंतर पुन्हा नोकरी मिळणे किती कठीण असते, हेही पाहायचे. शिवाय मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र दोघांनीही द्यायचे.

दोघांनीही, हा शब्द वाचून मला बरे वाटले. त्या बाई उतारा घेऊन पायऱ्या उतरल्या, तेव्हा त्यांच्या हातात फक्त त्यांचेच खाते होते. नवऱ्याचा उतारा मागायला आमच्याकडे कुणी आले नव्हते.