क्रॉमफर्डच्या भिंती आणि सर रिचर्ड आर्कराइट

पुरातत्त्व म्हटले की लेणी, ताम्रपट आणि मोहेंजोदडो डोळ्यांपुढे येतात. परंतु गिरण्या, भट्ट्या आणि कालवे यांच्या अवशेषांचाही तितक्याच काटेकोरपणे अभ्यास होतो. १९५५ मध्ये मायकेल रिक्स यांच्या लेखामुळे ‘औद्योगिक पुरातत्त्व’ ही संज्ञा रूढ झाली. ज्यांचे चरित्र कागदपत्रांइतकेच दगडविटांतून वाचावे लागते, अशांपैकी एक म्हणजे सर रिचर्ड आर्कराइट.

१७३२ मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टन येथे एका गरीब शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. न्हाव्याचे काम आणि केसांचे टोप बनविण्याचा धंदा करीत ते गावोगाव हिंडले. जॉन के या घड्याळजीच्या साहाय्याने त्यांनी सूतकताईचे यंत्र उभारले व १७६९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. रुळांच्या जोड्या एकीपेक्षा एक वेगाने फिरत, पेळू ताणला जाई आणि चाती त्याला पीळ देई. ताण्याला चालेल असे मजबूत सूत आता यंत्रावर निघू लागले.

१७७१ मध्ये भागीदारांसह त्यांनी डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड येथे पाणचक्कीवर चालणारी गिरणी बांधली. शिशाच्या खाणींतून येणारे तेथील पाणी हिवाळ्यातही गोठत नसे. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत रात्रंदिवस काम चाले. कामगारांत स्त्रिया आणि लहान मुले यांचा भरणा होता.

वैभवाबरोबर वैरही वाढले. १७७९ मध्ये संतप्त जमावाने त्यांची बर्केकर येथील गिरणी उद्ध्वस्त केली. रुळांची कल्पना मूळची टॉमस हाइज यांची, असा दावा न्यायालयात पुढे आला आणि १७८५ मध्ये त्यांची पेटंटे रद्द झाली. तरीही पुढच्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १७९२ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ते इंग्लंडमधील धनाढ्यांत गणले जात होते.

यंत्राचा खरा जनक कोण, हा वाद कागदपत्रांत आजही धुमसतो. अवशेष मात्र वेगळीच साक्ष देतात. रस्त्याकडील भिंतींना खालच्या बाजूस खिडक्या नाहीत. गिरणी किल्ल्यासारखी भासते. १८९० मध्ये जळालेल्या दुसऱ्या गिरणीचा पाया उत्खननात उघडा झाला आहे. नॉर्थ स्ट्रीटवरील कामगारांच्या तिमजली घरांत वरच्या मजल्याला लांब खिडक्या आहेत, कारण तेथे माग चालत. पाणी, यंत्र, पाळी आणि वस्ती एका सूत्रात ओवणारी कारखान्याची पद्धत ही आर्कराइट यांची खरी निर्मिती होय, हे या भिंती सांगतात. ज्या कामगारांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, त्यांचाही हाच एक दस्तऐवज.

पुढे रंगाच्या कारखान्याने ही जागा दूषित केली होती. १९७९ मध्ये आर्कराइट सोसायटीने ती विकत घेतली आणि २००१ मध्ये डर्वेंट खोऱ्यातील गिरण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

त्याच परंपरेतील मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील अनेक धुराडी आणि चाळी नाहीशा झाल्या. पाडलेल्या भिंतीची साक्ष पुन्हा काढता येत नाही. क्रॉमफर्डकडून घ्यावयाचा धडा तो हाच.