मागेल त्याला काम : वि. स. पागे

मुलांनो, भारतात आम्ही पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा दर महिन्याला पगारातून ‘व्यवसाय कर’ कापला जाई. तो कशासाठी, हे आम्ही कधी विचारलेच नाही. त्याचा धागा वि. स. पागे यांच्यापर्यंत जातो.

पागे यांचा जन्म १९१० सालचा, सांगलीकडचा. महाराष्ट्र राज्य झाले त्या १९६० साली ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे १८ वर्षे, त्या खुर्चीवर होते. सभापतीने वादात पडायचे नसते. त्यांचे मोठे काम म्हणूनच सभागृहाबाहेर उभे राहिले. सुगी संपली की शेतमजुराच्या हाताला काम नसे. जो मागेल त्याला सरकारने काम द्यावे, अशी योजना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे मांडली. तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, खडी फोडायला कोण कोण गेले होते!

पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये तो व्यवसाय कर आला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला : पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे ‘नाही तर’ फार आवडते. पुष्कळ योजनांत तेच लिहायचे राहते. खोटी हजेरीपत्रके निघाली, मजुरी रखडली, हेही खरे.

पागे १९९० मध्ये वारले. देशभरासाठी असा कायदा झाला २००५ साली. सुट्टीत गावी गेलात तर तिथला पाझर तलाव कोणत्या साली खणला, ते विचारून या.