दख्खनच्या माशांचे अभ्यासक कर्नल साइक्स

भीमा व नीरा या दोन नद्यांच्या मध्यें आपला इंदापूर तालुका वसलेला असून नीरा-नरसिंहपूर येथें त्या दोघींचा संगम होतो. लासुर्णें व आसपासच्या गांवांतील मुलांस मासा ही कांहीं नवी वस्तु नव्हे. बाजारांत मांडलेले कटला, रोहू व चिलापी तीं नेहमींच पाहतात. तालुक्यांत कित्येकांनीं शेततळें खणून त्यांत मत्स्यबीजहि सोडलें आहे. परंतु या नद्यांत मुळापासून राहणारे मासे कोणते व त्यांचीं नांवें काय, असें कोणी विचारल्यास आपणांपैकीं पुष्कळांस मौनच धरावें लागेल. या प्रश्नाचें उत्तर जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं एका परकी सेनाधिकाऱ्यानें मोठ्या चिकाटीनें मिळवून लिहून ठेविलें. त्यांचें नांव कर्नल विल्यम हेन्‍री साइक्स. त्यांचें अल्प चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

साइक्स यांचा जन्म इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतील एका घराण्यांत २५ जानेवारी १७९० रोजीं झाला. १८०३ सालीं, म्हणजे आपल्या हायस्कुलांतील मुलें ज्या वयांत खालच्या इयत्तेंत असतात त्या वयांत, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांत दाखल झाले. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यांत ते हजर होते. छावणींतील रिकामा वेळ त्यांनीं व्यर्थ दवडला नाहीं. हिंदुस्थानी व मराठी या भाषा त्यांनीं परिश्रमानें आत्मसात केल्या, आणि १८१० सालीं या दोन्ही भाषांचे दुभाषी म्हणून त्यांची योग्यता मान्य झाली. पुढें त्यांच्या हातून जें मोठें कार्य झालें, त्याचा पाया या भाषाभ्यासानेंच घातला गेला, असें आम्हांस वाटतें.

१८१७ सालच्या खडकीच्या व पुण्याच्या लढायांत साइक्स कंपनीच्या बाजूनें लढले. या लढायांनंतर पेशवाई लयास गेली, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां ते आमच्या देशांत जेत्यांच्या पक्षाचे म्हणून वावरले, ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या भूमीवर त्यांनीं तरवार चालविली, त्याच भूमीचे पुढें ते जिज्ञासु विद्यार्थी बनले. म्हणूनच त्यांचें चरित्र वाचण्याजोगें झालें आहे.

१८२० पासून कांहीं वर्षें युरोपांत प्रवास करून १८२४ सालीं ते परत आले. त्या वेळीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होते. नव्यानें हातीं आलेल्या मुलखाची खरी माहिती सरकारास हवी होती. ती गोळा करण्यासाठीं एल्फिन्स्टनसाहेबांनीं साइक्स यांस नेमिलें. मग साइक्स यांनीं दख्खनच्या लोकसंख्येची मोजणी केली, जमिनीच्या वहिवाटीची माहिती मिळविली आणि हवामानाच्या नोंदी ठेविल्या. त्याबरोबरच पशु, पक्षी व मासे यांचाहि त्यांनीं संग्रह चालविला. १८२९ च्या डिसेंबरांत हें पद सरकारानें रद्द केलें. दुसरा कोणी असता तर कागद बांधून स्वस्थ बसला असता; पण साइक्स यांनीं पलटणींतून रजा मिळविली आणि १८३१ च्या जानेवारींत काम पुरें करूनच ते स्वदेशीं गेले. हातीं घेतलेलें काम पद गेलें म्हणून सोडावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा होता.

१८३२ सालीं त्यांनीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तळ्याच्या कांठीं ध्यानस्थ बसून माशावर झडप घालणारा जो वंचक आपण रोज पाहतों, त्यास शास्त्रीय नांव प्रथम त्यांनींच दिलें. त्यानंतर पाळी आली माशांची. १८३८ सालीं त्यांनीं दख्खनच्या माशांवरील आपला निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढें ठेविला व पुढील कांहीं वर्षांत तो चित्रांसह छापला गेला. मुळामुठा, घोड, भीमा अशा नद्यांतील मासे त्यांत वर्णिले आहेत. मुळामुठा व घोड या दोन्ही नद्या भीमेसच मिळतात. तेव्हां तें पाणी आपल्या तालुक्याच्या सीमेवरूनच वाहत जातें, हें विद्यार्थ्यांनीं नकाशांत अवश्य पाहावें.

या निबंधांतील एक गोष्ट आम्हांस विशेष गोड वाटते. नव्या माशांस नांवें देतांना साइक्स यांनीं कांहीं नांवें आपल्या मित्रांचीं व विद्वानांचीं दिलीं हें खरें. परंतु पुष्कळ माशांस त्यांनीं येथील लोकांच्या तोंडचींच नांवें ठेविलीं. खुद्री, कोलुस, घोगरा, गुंगवारी हीं नांवें त्यांच्या कानांवर जशीं पडलीं, तशींच त्यांनीं रोमन अक्षरांत उतरविलीं. त्यामुळें आज जगांतील कोणत्याहि देशाचा शास्त्रज्ञ आपल्या नदींतील महासीरास टोर खुद्री असेंच म्हणतो. ज्यांस अक्षरओळखहि नव्हती अशा नदीकांठच्या माणसांची बोली अशा रीतीनें जगाच्या शास्त्रांत कायमची जाऊन बसली. त्यांचीं कांहीं वर्णनें मात्र त्रोटक असल्यामुळें अमुक मासा नक्की कोणता, यावर विद्वानांचा वाद नंतरहि चालू राहिला. हा दोषहि सांगितला पाहिजे.

स्वदेशीं गेल्यावर साइक्स यांस मोठे मान मिळाले. १८३४ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते, व पुढें ते त्याचे अध्यक्षहि झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें आणि १८५७ पासून ॲबरडीन शहराच्या वतीनें ते पार्लमेंटांत बसले. १६ जून १८७२ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.

साइक्स यांनीं स्वतः मासे पाळले नाहींत. मग आजच्या मत्स्यपालकास त्यांचा उपयोग काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर लोणावळ्यास मिळतें. तेथील वळवण तलावाकांठीं टाटा वीज कंपनीनें १९७० च्या सुमारास महासीराच्या पैदाशीचें काम हातीं घेतलें. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुळकर्णी यांनीं खुद्रीच्या अंड्यांचा व पिलांचा बारकाईनें अभ्यास केला. पक्व मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडीं काढावयाचीं, त्यांवर नराचें रेत मिसळावयाचें व वाहत्या स्वच्छ पाण्यांत तीं उबवावयाचीं, अशी ती रीत आहे. अंड्यांतून निघालेल्या पिलाजवळ कांहीं दिवसांची शिदोरी असते. ती सरली कीं त्यास डोळ्यांनीं नीट न दिसणारे पाण्यांतील सूक्ष्म जीव खावयास लागतात. समुद्राचाहि हाच नियम आहे. किनाऱ्यावरील केंद्रांत कोळंबीच्या पिलांस प्रथम डायाटम नांवाच्या सूक्ष्म समुद्रवनस्पतीच चारतात. ज्या तळ्यांत असे सूक्ष्म जीव नाहींत, त्या तळ्यांत बीज टाकणें म्हणजे खडकावर पेरणी करणेंच होय.

परंतु पैदास साधली म्हणजे सर्व साधलें असें नव्हे. लोणावळ्याचें खुद्रीचें बीज दूरच्या कावेरी नदींतहि सोडण्यांत आलें. त्या नदीचा स्वतःचा, पाठीवर वाशिंड असलेला एक निराळा महासीर होता. खुद्री तेथें वाढली, आणि तो मूळचा मासा झपाट्यानें घटत गेला. त्याचें शास्त्रीय नांव नक्की ठरेपर्यंत २०१८ साल उजाडलें, व त्याच वर्षीं तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. कोणत्या नदीचा मासा कोणता, हें आधीं न लिहून ठेविल्याचें हें फळ आहे. आपल्या घराजवळहि पाहा. १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यांत आज चिलापी उदंड आहे. पण ती मूळची आफ्रिकेची, आणि कटला व रोहू हे गंगेकडचे. त्यांनीं पुष्कळ कुटुंबांस अन्न व रोजगार दिला, हें कोणीहि नाकारणार नाहीं. तथापि साइक्स यांच्या यादींतील किती मासे आज आपल्या पाण्यांत आहेत, हें पाहणें आपलेंच काम आहे.

विद्यार्थीमित्रहो, या कामास कर्नलचा हुद्दा लागत नाहीं. सुटींत भीमेच्या किंवा नीरेच्या कांठीं जा. जाळें टाकणाऱ्या वृद्ध मासेमाऱ्याजवळ नम्रतेनें बसा. जाळ्यांत आलेल्या माशाचें नांव विचारा, आणि नदी, गांव व तारीख यांसह तें वहींत टिपून ठेवा. भाषा शिकून आलेल्या एका परक्यानें जें केलें, तें ही भाषा आईच्या मांडीवर शिकलेल्या तुम्हांस जड जाऊं नये.