थोरांची ओळख : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

मित्रांनो, आपल्या दहिवलीजवळून वाहणारी उल्हास नदी पुढे कुठे जाते, ठाऊक आहे का? बदलापूर, कल्याण करत ती वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या तोंडाशीच वसईचा किल्ला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी मामांबरोबर तो बघायला गेलो होतो. कर्जतहून लोकलने दादरला गेलो, तिथे गाडी बदलून वसई रोडला उतरलो. किल्ल्यात पुष्कळ पडकी चर्च आहेत. त्यांतले एक मला फार आवडले. ते ज्यांच्या नावाने ओळखतात, त्यांची गोष्ट आज सांगतो.

हे चर्च सोळाव्या शतकात जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी बांधायला घेतले. त्याची दर्शनी भिंत अजून ताठ उभी आहे. मधोमध गोल कमानीचे दार आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या खोबणी पाडलेले दगडी खांब आहेत आणि खांबांच्या माथ्यावर पानेच पाने कोरलेली आहेत. अशी नक्षी ग्रीक आणि रोमन लोक करीत, असे मामांनी सांगितले. दारावर क्रूस आणि येशूच्या नावाची अक्षरेही कोरली आहेत. इतक्या कठीण दगडात पाथरवटाने पाने कशी काढली असतील, असं मला वाटलं. मी हात लावून बघितला.

या चर्चला लागूनच धर्मगुरूंची शाळा होती. त्या शाळेत गोन्सालो गार्सिया शिकले. त्यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई वसईकडचीच. तेव्हा वसईवर पोर्तुगीजांचे राज्य होते. गोन्सालो पंधरा वर्षांचे झाले आणि १५७२ साली धर्मगुरूंबरोबर जहाजाने थेट जपानला गेले. तिथे ओळखीचे कोणी नाही, बोली कळत नाही. पण त्यांनी चिकाटीने जपानी भाषा शिकून घेतली. लवकरच ते जपानी माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलू लागले. मुलांना ते आवडत.

आठ वर्षे त्यांनी मन लावून काम केले. आपल्याला जेझुइट पंथात घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्यांना घेतले नाही. त्यांना फार वाईट वाटले. ते काम सोडून व्यापारात शिरले. व्यापारात चांगला पैसा मिळाला, तरी मन रमेना. शेवटी फिलिपाइन्समधील मनिला शहरात ते फ्रान्सिस्कन पंथाचे साधे धर्मबंधू झाले.

पुढे १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंबरोबर ते पुन्हा जपानला गेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर बोलायचे होते, आणि जपानी तर गोन्सालोंनाच येत होती. म्हणून दुभाषी तेच झाले. क्योटो शहरात या मंडळींनी महारोग्यांसाठी दवाखाना चालवला. ज्यांना कोणी शिवत नसे, त्यांची सेवा केली.

१५९६ साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरून हिदेयोशीला संशय आला, की हे धर्मगुरू आधी येतात आणि मागून फौज येते. संशय अगदीच उगीच होता असे नाही. वसईत तोफा आणि चर्च एकाच तटाच्या आत होती, ती मी डोळ्यांनी बघितली. पण शिक्षा झाली ती रोग्यांची सेवा करणाऱ्यांना. कडाक्याच्या थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून मारले. त्यांत वीस जण जपानीच होते. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा, म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलांएवढा. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते.

१८६२ साली रोमच्या पोपनी त्या सव्वीस जणांना संत म्हणून जाहीर केले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत झाले. नागासाकीच्या त्या टेकडीवर सव्वीस जणांचे पुतळे एका रांगेत उभे आहेत. त्यांत एक आपल्या वसईचा माणूस आहे.

वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला. चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. आपण खांडसवरून चढून भीमाशंकरला जातो ना, तिथली मोठी घंटा वसईचीच, असे सांगतात. किल्ल्यातली चर्च हळूहळू ओस पडली. आता किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे.

परत निघताना मी त्या कमानीकडे पुन्हा एकदा बघितलं. ज्या पंथाने गोन्सालोंना आपल्यात घेतले नाही, त्याच पंथाचे हे चर्च. आणि आज लोक त्याला ओळखतात ते गोन्सालो गार्सियांच्या नावाने! बांधणाऱ्यांची नावे मला कोणी सांगू शकले नाही.

मित्रांनो, कुणी आपल्याला नको म्हटले तर रुसून बसू नये. परक्याची भाषा शिकावी, म्हणजे परका परका राहत नाही. आमच्या वर्गात वाडीवरची मुले घरी कातकरी बोली बोलतात. ती शिकायला मी आता सुरुवात केली आहे. आणि वसईला गेलात तर भिंतींवर नावे कोरू नका. पाने कोरणाऱ्या त्या पाथरवटानेसुद्धा आपले नाव कोरलेले नाही.

— इयत्ता सातवी