गौतमीपुत्र सातकर्णी

भिवंडीहून खाडी ओलांडली की कल्याण लागते. सुमारे 2,000 वर्षांपूर्वी हे सातवाहनांचे नावाजलेले बंदर होते. परंतु पुढे असे दिवस आले की, तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. उत्तर कोकण, नाशिक, जुन्नर हा मुलूख क्षहरात कुळातील शक राजा नहपान याने बळकावला होता. इराणातील पार्थियन राजे, ज्यांना आपल्याकडे पहलव म्हणत, चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा चेहरा उठवीत. नहपानाची नाणीही तशीच होती. त्यांच्या एका बाजूस त्याचा चेहरा असे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र.

अशा पडत्या काळात गौतमी बलश्रीचा पुत्र सातकर्णी गादीवर आला. मातेचे नाव अभिमानाने धारण करणाऱ्या या राजाने नहपानाचा पुरता पाडाव केला. कारकीर्दीच्या 18 व्या वर्षी त्याने विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा धाडली, की नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले 200 निवर्तने शेत नाशिकच्या लेण्यांतील भिक्षूंना द्यावे. पुढे भिक्षूंना दिलेले शेत पडीक असून गावही ओस पडले आहे, असे कळले. तेव्हा 24 व्या वर्षी त्याने मातेसह दुसरी आज्ञा काढून नगराच्या सीमेवरील राजशेतातून 100 निवर्तने दिली. दान कागदोपत्री उरू नये, याची एवढी काळजी घेणारे राजे थोडेच!

शत्रूची नाणी मात्र त्याने वितळविली नाहीत. व्यापारी, शेतकरी, सारेच तो पैसा वापरीत होते. तो एकाएकी काढून घेतला असता तर बाजार बंद पडले असते. म्हणून त्याने त्याच नाण्यांवर आपला ठसा मारविला : एकीकडे तीन कमानींचा डोंगर व दुसरीकडे चार वर्तुळे जोडलेले उज्जयिनीचे चिन्ह.

पुत्राच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावी याच्या 19 व्या वर्षी, वृद्ध बलश्रीने नाशिकचे एक लेणे भिक्षूंना अर्पण केले. त्यावरील लेखात तिने शक, यवन व पहलव यांचा संहार करणाऱ्या आपल्या पुत्राचे पराक्रम कोरविले; तो न्यायानेच कर घेई आणि अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे, हे सांगण्यासही ती माता विसरली नाही.

1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातकर्णीचा ठसा आहे. काही नाण्यांवर तर त्या डोंगराखालून नहपानाच्या चेहऱ्याची पुसट रेघ अजून दिसते.